‘हरकत आहे’ : एका उपेक्षित लेखनप्रकाराविषयी

‘हरकत’ या शब्दाचा प्रवास मोठा मनोरंजक आहे. मूळ अरबी शब्दाचा अर्थ हालचाल. हिंदीत तो आगळिकीच्या अर्थाने स्थिरावला, गवयाच्या गळ्यात स्वरांची चपळ हालचाल म्हणून नांदू लागला, आणि मराठीत त्याला अडथळा, आक्षेप असा अर्थ आला. गंमत अशी की बोलताना आपण हा शब्द बहुधा नकारासह वापरतो. ‘हरकत नाही’ हे मराठी माणसाच्या तोंडात इतके बसले आहे की ‘हरकत आहे’ असे कोणी म्हटले तर ते उद्धट वाटावे. हा शब्द होकारार्थी रूपात अजून टिकून आहे तो मुख्यतः वर्तमानपत्राच्या आतल्या पानावरील बारीक टाइपातल्या जाहीर सूचनांत : ‘हरकती व सूचना मागविण्यात येत आहेत.’ ही सूचना आपण वाचत नाही. वाचली तरी ती आपल्यासाठी आहे असे आपल्याला वाटत नाही.

या लेखात एक साधे म्हणणे मांडायचे आहे. धरण, बंदर, विमानतळ, अणुवीज प्रकल्प अशा सार्वजनिक प्रकल्पांच्या पर्यावरणीय मूल्यांकनावर नागरिकाने नोंदवलेली लेखी हरकत हा एक स्वतंत्र लेखनप्रकार आहे. त्याचे स्वतःचे वाचक आहेत, रचना आहे आणि यशापयशाचे निकषही आहेत. ती प्रभावी ठरते की नाही हे लिहिणाऱ्याच्या संतापापेक्षा त्याच्या वाचनावर अधिक अवलंबून असते. आणि वाचन हे तर भाषा-साहित्याच्या विद्यार्थ्याचे काम. संहितेतील ओळ न् ओळ तपासणे, शब्दाची निवड का झाली हे विचारणे, जे लिहिलेले नाही त्याकडे बोट दाखवणे, हे आपण वर्गात कवितेच्या बाबतीत करतो. जिल्हाधिकारी कार्यालयात पडून असलेल्या चारपाचशे पानी अहवालाच्या बाबतीत मात्र ते काम आपण अभियंत्यांचे आणि कार्यकर्त्यांचे मानून मोकळे होतो. आमच्या मते ही चूक आहे आणि तिची किंमत गावे मोजतात.

आधी प्रक्रिया समजून घेऊ, कारण तिच्याविषयीचे गैरसमजच हरकती निष्फळ करतात. पर्यावरणीय परिणाम मूल्यांकनाची पहिली अधिसूचना १९९४ ची. १९९७ च्या दुरुस्तीने जनसुनावणी बंधनकारक झाली. आज लागू आहे ती १४ सप्टेंबर २००६ ची अधिसूचना आणि तिच्यात वेळोवेळी झालेले बदल. तिच्यानुसार चार टप्पे येतात : प्रकल्पाची छाननी, अभ्यासाची व्याप्ती ठरवणे, लोकांशी विचारविनिमय आणि तज्ज्ञ समितीकडून मूल्यमापन. तिसऱ्या टप्प्याचे पुन्हा दोन भाग आहेत. एक, प्रकल्पस्थळी किंवा त्याच्या जवळपास होणारी जनसुनावणी. दुसरा, लेखी प्रतिसाद. सुनावणीची सूचना किमान तीस दिवस आधी एका राष्ट्रीय आणि एका प्रादेशिक भाषेतील दैनिकात द्यावी लागते. अहवालाचा मसुदा जिल्हाधिकारी कार्यालय, जिल्हा परिषद, जिल्हा उद्योग केंद्र, स्थानिक स्वराज्य संस्था अशा ठिकाणी पाहण्यासाठी ठेवावा लागतो, आणि त्याचा सारांश इंग्रजीबरोबर स्थानिक भाषेतही द्यावा लागतो. महाराष्ट्रात हे काम महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळामार्फत चालते. सर्वच प्रकल्पांना ही पायरी लागू नाही. संरक्षणविषयक प्रकल्प, इमारतींचे प्रकल्प, जादा जमीन न घेता होणारे रस्त्यांचे रुंदीकरण अशांना सूट आहे. म्हणून आपल्या गावाजवळचा प्रकल्प कोणत्या वर्गात मोडतो, हे पहिले पाहावे.

यात दोन गोष्टी विशेष ध्यानात घ्यायला हव्यात. पहिली, जनसुनावणीला गणसंख्येची अट नाही. पाच माणसे आली तरी सुनावणी होते आणि पाच हजार आली तरी तीच होते. दुसरी, सुनावणी घेणारे अधिकारी निर्णय घेत नाहीत. जिल्हाधिकारी किंवा त्यांचे प्रतिनिधी अध्यक्षस्थानी असतात, मंडळाचा प्रतिनिधी साहाय्याला असतो; त्यांचे काम म्हणणे ऐकून ते नोंदवण्याचे. सुनावणीचे चित्रीकरण करावे लागते. शेवटी उपस्थितांच्या मतांचा गोषवारा स्थानिक भाषेत समजावून मोठ्याने वाचून दाखवावा लागतो आणि त्याच दिवशी त्या इतिवृत्तावर अध्यक्षांची सही व्हावी लागते. उपस्थित झालेले मुद्दे आणि त्यांवर प्रकल्पकर्त्याचे म्हणणे असे एक विवरणपत्रही जोडावे लागते. ही कागदपत्रे पुढे तज्ज्ञ समितीकडे जातात. ती समिती मंडपात नसते. तिने घोषणा ऐकलेल्या नसतात. तिच्यासमोर असतो तो कागद.

म्हणजे जनसुनावणीला आपण मतदान समजतो, आणि ती तर पुरावा नोंदवण्याची जागा. ‘सर्व ग्रामस्थांनी प्रकल्पास तीव्र विरोध दर्शविला’ असे एक वाक्य इतिवृत्तात आले की चार तासांचा आक्रोश त्यात मावून जातो. त्या वाक्याला उत्तर देणे प्रकल्पकर्त्याला फार सोपे असते : ‘ग्रामस्थांचे गैरसमज दूर करण्यात येतील.’ पण विवरणपत्रात जर ‘अहवालाच्या अमुक पानावरील विहिरींची संख्या चुकीची आहे, ग्रामपंचायतीच्या नोंदीनुसार ती इतकी आहे’ असे वाक्य आले, तर त्याला उत्तर देताना संख्येविषयीच बोलावे लागते.

संख्याबळाची मर्यादा २०२० साली देशभर दिसली. त्या वर्षी केंद्राने मूल्यांकनाच्या नव्या अधिसूचनेचा मसुदा प्रसिद्ध केला आणि त्यावर लाखोंच्या संख्येने प्रतिसाद गेले. त्यांतील असंख्य पत्रे एकाच नमुन्याची, फक्त खालचे नाव बदललेली होती. अशा पत्रांचा राजकीय परिणाम होत नाही असे नाही. तो मसुदा अंतिम झाला नाही, हे खरेच आहे. पण शंभर जणांनी पाठवलेले एकच पत्र म्हणजे, मुद्द्यांच्या हिशेबात, एकच हरकत. धोरणाच्या मसुद्याच्या बाबतीत निदान आवाजाचे वजन पडू शकते; एका विशिष्ट जागेवरच्या प्रकल्पाच्या बाबतीत त्या जागेचा तपशील लागतो आणि तो नमुन्याच्या पत्रात असूच शकत नाही.

आता वाचनाकडे वळू. अहवाल हाती आला की कुठून सुरुवात करायची? आम्हाला चार ठिकाणे दिसतात, आणि चारही ठिकाणी साहित्याच्या अभ्यासकाला परक्यासारखे वाटू नये.

पहिले ठिकाण उसन्या मजकुराचे. प्रबंध तपासणाऱ्या प्रत्येक अध्यापकाला ठाऊक आहे की शैली एकाएकी बदलली की मजकूर कुठून तरी उचललेला असतो. रत्नागिरी जिल्ह्यातील एका बॉक्साइट खाणीसाठी तयार झालेल्या अहवालात रशियातील बॉक्साइट खाणीच्या अहवालातला मजकूर शिरल्याचे २००७ च्या सुमारास उघड झाले. त्यामुळे कोकणातल्या पक्ष्यांच्या अधिवासाच्या वर्णनात स्प्रूस आणि बर्च ही थंड प्रदेशातील झाडे अवतरली होती. हे पकडायला वनस्पतिशास्त्राची पदवी लागत नाही. कोकणात स्प्रूस नाही एवढे ठाऊक असणे आणि मुख्य म्हणजे ते पान वाचलेले असणे पुरते. असा एक उतारा सापडला की त्याचे महत्त्व त्या उताऱ्यापुरते राहत नाही. ज्याने जंगलाचे वर्णन न पाहता लिहिले, त्याने पाण्याचे आणि हवेचे मोजमाप प्रत्यक्ष केले असेल का, हा प्रश्न अहवालाच्या प्रत्येक पानाला चिकटतो.

दुसरे ठिकाण व्याकरणाचे. या अहवालांची भाषा जवळजवळ सर्वस्वी कर्मणी आणि भविष्यकाळी असते. ‘वृक्षारोपण करण्यात येईल.’ ‘धूळ कमी करण्यासाठी योग्य ती उपाययोजना केली जाईल.’ ‘बाधितांना पर्यायी व्यवस्था उपलब्ध करून देण्यात येईल.’ कर्ता कुठे आहे? कोण करणार, केव्हा करणार, कोणत्या पैशातून, आणि केले नाही तर विचारायचे कोणाला? आपण वर्गात प्रयोग शिकवतो तेव्हा कर्मणी प्रयोगात कर्ता गौण होतो असे सांगून पुढे जातो. इथे तो गौण होण्याला अर्थ आहे. ज्या वाक्याला कर्ता नाही त्याचा भंगही कोणी करू शकत नाही. म्हणून प्रभावी हरकतीचे एक फार सोपे तंत्र असे : अहवालातील अशी वाक्ये निवडावीत आणि प्रत्येकासाठी कर्ता, मुदत, रक्कम आणि तपासणीची पद्धत मागावी. ‘हरित पट्टा’ म्हणजे कोणती झाडे, किती, कोणत्या गटात, पाणी कुठून, आणि तीन वर्षांनी किती जगली हे कोण मोजणार? हे मंजुरीच्या अटींत यावे, अशी स्पष्ट मागणी करावी.

तिसरे ठिकाण शब्दनिवडीचे. ‘पडीक’ हा शब्द घ्या. कोकणातल्या जांभ्या दगडाच्या सड्यांना कागदोपत्री सर्रास पडीक म्हटले जाते. महसुली अर्थाने, म्हणजे पीक न घेतलेली जमीन म्हणून, ते कदाचित चालून जाईल. पण तिथे राहणाऱ्याला विचारा. सड्यावर गुरे चरतात, गवत कापले जाते, पावसाळ्यात कातळावरच्या डबक्यांत आणि मातीच्या पातळ थरात अनेक रानफुले येतात, आणि सड्यावर पडलेले पाणी मुरून खालच्या वाडीच्या विहिरीला, झऱ्याला जाते. याच सड्यांवर कातळशिल्पे आहेत. कोकणातील कातळशिल्पांचा २०२२ साली युनेस्कोच्या जागतिक वारसास्थळांच्या संभाव्य यादीत समावेश झाला. एवढे सगळे ‘पडीक’ या तीन अक्षरांत पुसले जाते. जैतापूरच्या अणुवीज प्रकल्पाच्या वादातही जमिनीचे असे वर्णन हा कळीचा मुद्दा होता. शब्द पुसतो तेव्हा तो कसा पुसतो, हे दाखवणे ही समीक्षाच आहे. फरक इतकाच की इथे समीक्षेच्या शेवटी मागणी करावी लागते : ‘पडीक’ या वर्णनाचा आधार द्यावा, आणि प्रत्यक्ष वापराची गावनिहाय नोंद घेऊन भूवापराचे प्रकरण पुन्हा लिहावे.

याच ठिकाणी काळाचा प्रश्न येतो. अनेक प्रकल्पांसाठी पावसाळा वगळून एका ऋतूतील आधारभूत माहिती पुरेशी मानली जाते. हवेच्या मोजमापासाठी यामागे काही तर्क असेल. पण ज्या सड्याचे सारे जीवन जून ते ऑक्टोबरमध्ये फुलून येते, त्याची पाहणी मार्चमध्ये केली तर तिथे वाळलेल्या गवताशिवाय काय सापडणार? अहवालात पाहणीच्या तारखा दिलेल्या असतात. त्या पाहाव्यात. नाटकाच्या मध्यंतरात रिकामा रंगमंच पाहून ‘इथे काही घडत नाही’ असा अभिप्राय देणाऱ्या समीक्षकाला आपण काय म्हणू, ते मनात ठेवून ही हरकत लिहावी. लिहिताना मात्र उपमा गाळावी आणि तारखा द्याव्यात.

चौथे ठिकाण मौनाचे. जे लिहिलेले नाही ते शोधणे सर्वांत अवघड, कारण त्यासाठी अहवालाबाहेरचे ज्ञान लागते. गोव्यातील मोपा विमानतळाचे प्रकरण याचे ठळक उदाहरण आहे. अर्जाच्या नमुन्यातच प्रकल्पापासून पंधरा किलोमीटरच्या आतील संवेदनशील क्षेत्रांची माहिती मागितलेली असते. मोपा उत्तर गोव्याच्या टोकाला आहे. पलीकडे लगेच सिंधुदुर्ग जिल्हा लागतो, पश्चिम घाटाचा टापू जवळ आहे. सर्वोच्च न्यायालयाने २९ मार्च २०१९ च्या निकालात नेमके हेच मौन पकडले : अर्जात जी माहिती द्यायला हवी होती ती दिली गेली नाही, आणि अर्जच अपुरा असल्याने त्यावर आधारलेली अभ्यासाची व्याप्तीही अपुरी राहिली. पर्यावरणीय मंजुरी स्थगित करून न्यायालयाने प्रकरण तज्ज्ञ समितीकडे पुन्हा विचारासाठी पाठवले. राज्याची सीमा ओलांडली की नकाशा कोरा, ही खोड अनेक अहवालांत दिसते. सीमेवरच्या गावातला माणूस ती सहज दाखवू शकतो, कारण त्याचे सोयरे, बाजार आणि ओढे सीमेच्या दोन्ही बाजूंना असतात.

वाचन झाले, आता लेखन. हरकतीचा पहिला वाचक घाईत असलेला कारकून आहे, दुसरा प्रकल्पकर्त्याचा सल्लागार, तिसरा तज्ज्ञ समितीचा सदस्य, आणि कदाचित चौथा न्यायाधीश. चौघांनाही सोयीचे व्हावे असे लिहायचे तर परिच्छेदांना क्रमांक हवेत, एका परिच्छेदात एकच मुद्दा हवा, आणि प्रत्येक मुद्द्यात चार गोष्टी हव्यात : अहवाल काय म्हणतो आणि कोणत्या पानावर, वस्तुस्थिती काय आहे, तिचा पुरावा काय, आणि त्यावर काय करावे अशी आपली मागणी आहे.

एक काल्पनिक नमुना पाहू. ‘या प्रकल्पामुळे आमच्या गावचे पाणी आटेल आणि पुढच्या पिढ्या आम्हाला माफ करणार नाहीत’ हे वाक्य खरे असू शकते, पण त्याला धरायला कुठेच जागा नाही. त्याऐवजी असे लिहिता येईल : ‘प्रकल्पक्षेत्रात पाण्याचे नैसर्गिक स्रोत नाहीत असे अहवालाच्या अमुक पृष्ठावर म्हटले आहे. गट क्रमांक अमुकमध्ये झरा असून तो मार्चअखेरपर्यंत वाहतो. खालच्या वाडीतील इतकी घरे त्यावर अवलंबून आहेत. ग्रामपंचायतीच्या टंचाई आराखड्यातील नोंद आणि दिनांकासह छायाचित्रे सोबत जोडली आहेत. सबब भूजलाचा अभ्यास पावसाळ्यानंतर पुन्हा करण्यात यावा व तो पूर्ण होईपर्यंत मंजुरीची शिफारस करू नये.’ दुसऱ्या उताऱ्यात भावना कमी आहे असे कोणाला वाटेल. आम्हाला ती जास्त दिसते. ज्याला झरा कोणत्या महिन्यापर्यंत वाहतो हे ठाऊक आहे, त्याचे त्या झऱ्याशी असलेले नाते वेगळे सांगावे लागत नाही.

काही व्यवहाराच्या गोष्टी. हरकत मराठीत देता येते. इंग्रजी येत नाही म्हणून गप्प बसण्याचे कारण नाही. ती मुदतीत, लेखी द्यावी आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यावी. सुनावणीत बोलायचे असेल तर दोनतीन मिनिटांत आपले दोन मुद्दे सांगावेत आणि बाकी लेखी निवेदन सुपूर्द करून त्याची नोंद करायला सांगावे. एकाच गावातील दहा जणांनी दहा वेगळे मुद्दे वाटून घेतले तर इतिवृत्तात दहा मुद्दे येतात. दहाही जण एकच गोष्ट बोलले तर एकच. शेवटी गोषवारा वाचला जातो तेव्हा लोक बहुधा उठून गेलेले असतात. तेव्हाच थांबायला हवे. आपला मुद्दा त्यात आला नसेल तर तिथेच उभे राहून दुरुस्ती मागावी. पुढे तज्ज्ञ समितीच्या बैठकीचे इतिवृत्त मंत्रालयाच्या ‘परिवेश’ संकेतस्थळावर येते. आपल्या मुद्द्याचे काय झाले ते तिथे पाहावे. मंजुरीविरुद्ध राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाकडे अपील करायचे तर मुदत तीस दिवसांची आहे, सबळ कारण दाखवल्यास आणखी साठ दिवसांपर्यंतचा विलंब माफ होऊ शकतो. पश्चिम विभागाचे पीठ पुण्यात आहे.

इथे भाषेचा मोठा प्रश्न उभा राहतो. गावाला मराठीत मिळतो तो सारांश. मूळ अहवाल इंग्रजीत. सारांशाचे मराठी कसे असते, हे ज्याने वाचले आहे त्याला सांगायला नको. इंग्रजी वाक्य डोक्यावर उभे करून केलेले, जिथे ‘आधाररेषा’, ‘शमन’, ‘प्राप्तकर्ता’ असे शब्द कोणाच्याही तोंडात नसलेल्या अर्थाने वावरतात. ज्या मजकुराचा अर्थच लागत नाही त्याच्यावर हरकत घ्यायची कशी? जैतापूर प्रकल्पाची जनसुनावणी १६ मे २०१० रोजी माडबन येथे झाली, तेव्हा अहवाल मराठीत वेळेवर मिळाला नाही ही ग्रामस्थांची मुख्य तक्रार होती. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ३५ अटींसह मंजुरी मिळाली. ९,९०० मेगावॅटचा प्रकल्प, आणि ज्यांच्या दारात तो यायचा त्यांच्या भाषेत त्याचा अहवाल वेळेवर पोहोचू नये, ही तांत्रिक त्रुटी मानायची का? २०२० साली दिल्ली उच्च न्यायालयाने त्या नव्या मसुद्याचे आठव्या अनुसूचीतील भाषांत भाषांतर करण्याचा आदेश ३० जून रोजी दिला. न समजणाऱ्या मजकुरावर मत मागणे हा देखावा ठरतो, हे तत्त्व त्यामागे होते. मराठी विभागांत भाषांतराचे अभ्यासक्रम आहेत, परिभाषेवर परिसंवाद होतात. तिथल्या एका तुकडीने एका तालुक्यातील एका अहवालाचे महत्त्वाचे प्रकरण सोप्या, नेमक्या मराठीत आणून ग्रामपंचायतीला दिले, तर ते कार्य अभिजात दर्जाच्या सोहळ्यांहून लहान ठरू नये.

आता मुख्य आक्षेप. ‘इतके लिहून होते काय? मंजुरी मिळतेच.’ हा आक्षेप खोडून काढण्याची आमची इच्छा नाही, कारण तो बराचसा खरा आहे. जैतापूरला मंजुरी मिळाली. मोप्याचेही पुढे काय झाले ते सांगायला हवे : तज्ज्ञ समितीने पुन्हा शिफारस केली, १६ जानेवारी २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने स्थगिती उठवली, आणि आज तिथून विमाने उडतात. हरकतींनी प्रकल्प थांबतो अशी खात्री कोणी देत असेल तर तो फसवतो आहे. शिवाय अहवाल प्रकल्पकर्त्याच्या पैशातून तयार होतो, आणि चारशे पाने वाचून चुका शोधण्याचा भार मात्र महिन्याभराच्या मुदतीत गावावर पडतो, ही रचनाच अन्यायाची आहे. चांगली हरकत कशी लिहावी हे शिकवताना ही रचना मान्य केल्यासारखे होता कामा नये.

तरीही लिहावे, कारण लिहिलेले राहते. गोव्यातील एका खाणीच्या प्रकरणात, उत्कर्ष मंडळाच्या याचिकेवर, दिल्ली उच्च न्यायालयाने २००९ साली स्पष्ट केले की सुनावणीत आलेल्या आक्षेपांचा तज्ज्ञ समितीने विचार केला पाहिजे आणि ते का स्वीकारले वा नाकारले याची कारणे नोंदवली पाहिजेत. पण कारणे नोंदवायला आधी आक्षेप नोंदलेला असावा लागतो. मोप्याच्या प्रकरणातही न्यायालय मौनापर्यंत पोहोचले ते कुणीतरी अर्ज, अहवाल आणि नकाशा शेजारी ठेवून वाचला म्हणून. विमानतळ झाला, पण जादा अटींसह आणि त्यांच्या पालनावर देखरेखीची सोय लावून. हा विजय नव्हे. पण ‘उपाययोजना करण्यात येईल’ या वाक्याला थोडाफार कर्ता मिळाला, असे नक्कीच म्हणता येईल. घोषणा आणि हरकत यांत निवड करावी असेही नाही. रस्त्यावरच्या माणसांमुळे कागदाला वजन येते, आणि कागदामुळे रस्त्यावरचे म्हणणे दहा वर्षांनीही वाचता येते.

ही परंपरा मराठीला नवी नाही. १८७० साली स्थापन झालेल्या पुणे सार्वजनिक सभेने दुष्काळाच्या काळात जिल्ह्याजिल्ह्यांतून माहिती गोळा करून सरकारला निवेदने पाठवली. १८८२ मध्ये जोतीराव फुल्यांनी हंटर आयोगापुढे निवेदन सादर केले. त्यात त्यांनी स्वतः चालवलेल्या शाळांचा अनुभव पुरावा म्हणून मांडला. आज ते निवेदन आपण वैचारिक गद्य म्हणून अभ्यासतो, पण लिहिले गेले तेव्हा तेही एका सरकारी चौकशीला दिलेले उत्तरच होते. १९२१ च्या मुळशी सत्याग्रहापासून धरणग्रस्तांचा इतिहास आपल्याकडे आहे. विश्वास पाटलांची ‘झाडाझडती’ वाचून आपले विद्यार्थी विस्थापितांविषयी हळहळतात आणि उत्तम प्रश्नोत्तरे लिहितात. मात्र त्यांच्याच तालुक्यात उद्याच्या विस्थापनाचा अहवाल हरकतींसाठी खुला असतो तेव्हा तो त्यांच्या दृष्टीस पडत नाही. विस्थापन होऊन गेल्यावर त्याची कादंबरी वाचणारे आपण, विस्थापनाची पहिली संहिता मात्र न वाचता सोडून देतो.

म्हणून एक ठोस सूचना. ‘उपयोजित मराठी’च्या अभ्यासपत्रिकेत अर्जलेखन आणि इतिवृत्तलेखन आहेच. रजेचा अर्ज आणि स्नेहसंमेलनाचे इतिवृत्त वर्षानुवर्षे लिहून घेतले जाते. त्याजागी एक वर्ष प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संकेतस्थळावरील एखाद्या प्रकल्पाचा मराठी सारांश वर्गात वाचावा. विद्यार्थ्यांना त्यातली कर्ता नसलेली वाक्ये काढायला सांगावीत, ‘पडीक’, ‘नगण्य’, ‘योग्य ती’ अशा शब्दांखाली रेघा मारायला लावाव्यात, पाहणीच्या तारखा शोधायला लावाव्यात. ज्याचे गाव त्या परिसरात असेल त्याने अहवालातील एक विधान गावात जाऊन पडताळावे. मग प्रत्येकाने एक पानाची हरकत लिहावी. प्रकल्पाला विरोधच करावा अशी सक्ती नको. पाठिंबा देणाऱ्यानेही कोणत्या अटींवर ते लिहावे. गुण द्यावेत ते पान क्रमांकाला, पुराव्याला आणि मागणीच्या नेमकेपणाला.

त्यातली एखादी जरी मुदतीच्या आत खरोखर मंडळाच्या कार्यालयात पोहोचली आणि तिच्यावर पोचेचा शिक्का उमटला, तरी ‘हरकत आहे’ हा प्रयोग मराठीत अजून जिवंत आहे असे म्हणता येईल.